एकतीस ग्रॅम

नऊ वर्षं, केळी पिकवायच्या बंद पडलेल्या खोलीत
एकेक रिव्हेट मारत उभं केलं विमान,
आणि ते सरळ उडत नाही.

पडतबिडत नाही. चांगलं उडतं.
फक्त शिरपूरहून उगवतीकडे निघालं
की नाक हळूच सातपुड्याकडे नेतं,
गोठा ओळखलेल्या बैलासारखं.
मला वाटलं, डोंगराचा वारा असेल.
परतताना तेच नाक तापीकडे वळलं.
म्हणजे डोंगराचा दोष नाही, नदीचाही नाही.
खोट घरचीच.

समोर वाकड्या काचनळीत एक काळी गोळी असते.
ती मध्ये असावी. माझी
उजव्या कोपऱ्यात रुसून बसलेली.
तिला आणायला उजवा पाय दाबून धरायचा
अनेरच्या पात्रापासून चोपड्याच्या पहिल्या छपरांपर्यंत,
पोटरीत गोळा येईतो.
भुसावळच्या लोको शेडमध्ये एकोणतीस वर्षं उभी होते,
तेव्हा नाही दुखला इतका.

आधी पांगाऱ्याची पाचर तासली,
दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने
सुकाणूच्या मागच्या कडेला लावली, डाव्या अंगाला.
उडाले. गोळी निम्म्यावर आली.
लांब केली. उडाले. गोळी पलीकडे गेली.
अर्धं बोट कापलं.
चौथ्या खेपेला टेप उन्हाने पाझरत होता
पण गोळी मध्ये होती, आणि मी
कुणाला सांगावं म्हणून बाजूला पाहिलं
तर बाजूला पंखाच होता.

मग पाचर रुमालात बांधून
रहेमू पिंजारीकडे.
आजा कापूस पिंजायचा, हा कूलर करतो.
एप्रिल. दुकानाबाहेर पत्र्याच्या पेट्यांची रांग,
वाळ्याचा वास, आणि मला हवी
वीतभर लांब, तीन बोटं रुंद पट्टी.
त्याने खिळा उचलला रेघ मारायला.
खिळा नको, म्हटलं, ओरखडा तिथूनच चीर धरतो.
कानावरची पेन्सिल काढली.
पेन्सिलही नको, ॲल्युमिनियम सडतं त्याने.
"मंग काय डोयानी रेघ मारू?"
मी पर्समधून पोरांचं स्केचपेन दिलं. जांभळं.

कडा पॉलिश पेपरने इतक्या घासल्या
की ओढणी अडकली नाही.
मग वाक द्यायचा. डावीकडे.
तो थांबला.
"ताई, जेवना आंगे जानं शे ना तुले?
मंग डावा आंगे कसाले वाकाडस?"
वारा पट्टीला ढकलतो, पट्टी सुकाणूला,
सुकाणू शेपटीला, आणि शेपूट डावीकडे गेली
की नाक उजवीकडे.
त्याने हिशेब बोटांवर केला, मान हलवली.
"मन्ही सासू बी अशीच शे," म्हणाला,
"जे करनं ऱ्हास, त्यानं उलटं सांगनं पडस."

मागे वजन नको, शेपूट थरथरते,
म्हणून सराफाच्या काट्यावर ठेवली.
एकतीस ग्रॅम. सराफाने उलटीपालटी केली,
किती टंच, विचारलं.
मी म्हटलं, बघू संध्याकाळी.

सात रिव्हेट. सातवी वाकडी बसली,
काढली, परत मारली.

आता सांगते खरं ते.
ती पट्टी एकाच वेगाला खरी आहे.
चढताना अजून उजवा पाय लागतो,
उतरताना तर आता डावा.
मधल्या त्या पाऊण तासापुरते फक्त
दोन्ही पाय फरशीवर,
खाली केळीच्या बागा, कोरडी पडलेली गूळ नदी,
आणि गोळी जागची हलत नाही.

रहेमूने त्या रात्री फोन करून विचारलं, टिकनी का?
टिकली म्हटलं.
पैसे घेतले नाहीत त्याने, एक फेरी मागितली आहे,
मग पुन्हा फोन करून म्हणाला, नको,
पोराला ने.

बहीण सांगते, झोपेत माझा उजवा पाय
अजून पलंगाची पट्टी दाबतो.
त्याला अजून कुणी कळवलेलं नाही.