रीडिंग

रात्री नऊ चाळीसला मेसेज आला:
मागील बिल अपडेट नाही. आज रात्री वीज तोडण्यात येईल.
अधिकाऱ्यांशी त्वरित संपर्क साधावा.
खाली दहा आकडी मोबाइल नंबर.

मी एकतीस वर्षं मीटर वाचले.
पर्वती पायथा, लक्ष्मीनगर, शेवटी धनकवडी.
वीज तोडायची तर पंधरा दिवस आधी कागद जातो,
आणि रात्री नऊ चाळीसला आमच्या ऑफिसात
वॉचमन असतो, फार तर त्याचं मांजर,
हे मला पाठ.
तरी मी फोन लावला.

'त्वरित' या शब्दानं केलं असेल.
असले कागद मीच घरोघर वाटायचो,
लोक घाबरायचे
आणि खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटायचं.

पलीकडचा 'काका' म्हणाला, स्वच्छ मराठीत.
एक ॲप घ्यायला लावलं, दहा रुपये भरायला सांगितले.
दहाच. दहा रुपयांना कोण नाही म्हणतं?
मग माझ्या हातातला फोन
माझ्यादेखत आपला आपण चालायला लागला,
मेन स्विच पाडल्यावरही
थोडा वेळ फिरतो ना पंखा, तसा.

अठ्ठेचाळीस हजार सातशे.

वरच्या मजल्यावरची रुखसार तांबोळी
कणकेच्या हातांनी धावत आली.
"एकोणीसशे तीस लावा आधी. कपाळ नंतर बडवा."
एकोणीस हजार वाटेत अडले. बाकीचे गेले.

पुढचे तीन रविवार ती समोर बसली.
जुनं रीडिंग बुक निघालं माळ्यावरून.
डाव्या रकान्यात तिचा शब्द, उजव्यात माझा.

फिशिंग: गळ. त्याला आमिष म्हणून भीतीही चालते.
ओटीपी: उंबऱ्यावरचा प्रश्न, "तुम्हीच ना?"
परक्याला याचं उत्तर शिकवायचं नाही.
टू-स्टेप: कडी लावल्यावर घातलेला अडसर.
पासवर्ड: माझा सगळीकडे एकच होता,
कुमुदिनीचं नाव आणि लग्नाचं साल.
रुखसार बराच वेळ काही बोललीच नाही.

कुकी म्हटल्यावर मी बिस्किटाचा पुडा पुढे केला.
ती हसली. म्हणाली, "काका, तुम्ही एकदा
कानाच्या मशिनची किंमत पाहिलीत.
कुठल्या दारात किती वेळ उभे राहिलात
ते कुणीतरी टिपून ठेवलं.
आता महिनाभर तेच मशिन तुमच्या मागे.
तुम्ही काय बोललात ते कळायची गरजच नाही."

मी पेन खाली ठेवलं.
हे तर मला येत होतं.

युनिट एकदम दुप्पट: घरात बाळ, सारखं पाणी तापतंय.
दोन महिने शून्य: कुलूप, चोरानं खुशाल यावं.
घरगुती मीटरवर बेसुमार युनिट: आत शिलाई मशिनं.
घाटेबाईंचं रीडिंग निम्म्यावर आलं
तेव्हा जिन्याखाली, बॅटरीच्या उजेडात,
मला कळलं की त्या आता एकट्या आहेत.
वर जाऊन बेल वाजवावी वाटलं. नाही वाजवली.

'मीटर' एवढ्या एका शब्दावर
अख्ख्या पुण्यानं मला दार उघडलं.
ओळखपत्र मागितलं एकूण चार जणांनी,
आणि त्या चारांचा मला राग आला होता.

प्रायव्हसीपुढचा रकाना शेवटी भरला:
दिसलं. समजलं. युनिटाखेरीज काही लिहिलं नाही.
रुखसार म्हणाली, "हे तुमच्या चांगुलपणावर झालं, काका.
चांगुलपणा बदलीवर गेला की?"

काल एक पोरगा नवा मीटर बसवायला आला.
मी ओळखपत्र मागितलं. फोटोत केस जास्त होते.
रीडिंगला आता कुणी यायचं नाही, म्हणाला,
दर अर्ध्या तासाला आपोआप जातं.
"कुठे?"
"सर्व्हरला."
"तो कुणाच्या घरात राहतो?"
पोरगा हसला, कागद पुढे केला, फुली दाखवली.
मी चष्मा शोधायला आत गेलो.
चष्मा डोळ्यांवरच होता.