उरलेले पंच्याण्णव

दिंडोरीत, बाजारपेठेच्या टोकाला,
नऊ वर्षं मी या काउंटरमागे बाटल्या विकतो.
आम्ही सगळे याला औषधच म्हणतो.
रोगी कोण, ते कुणी विचारत नाही.

छाटणी उरकली की डावणीच्या भीतीनं दुकान भरतं.
अशाच एका सकाळी मंजुळा गावित आली,
सुरगाण्याकडची, फवारणीच्या टोळीतली,
बागायतदाराची चिठ्ठी मुठीत.
बाटली फिरवून म्हणाली,
"नावापुढं ही अक्षरं कसली?
डॉक्टरच्या पाटीवर असतात तसली?"

हसलो. मग सांगू लागलो.
हे ईसी, पाण्यात पडलं की दूध होतं.
एससी तळाशी झोपतं, बाटली हलवल्याशिवाय ओतू नको.
डब्ल्यूपी ही भुकटी,
पुडी फोडताना आधी वारा बघ, मग तोंड फिरव,
आणि टाकी ढवळत राहा, नाहीतर
पहिल्या ओळीला नुसतं पाणी, शेवटच्या ओळीला सगळं जहर.
एसएल विरघळतं ते असं,
की पाणी पाण्यासारखंच दिसतं.
मला त्याचीच जास्त भीती वाटते.

हिरव्या त्रिकोणावर तिनं बोट ठेवलं. "हे बरं ना?"
बरं नाही गं. लाल, पिवळा, निळा यांच्यापेक्षा कमी, एवढंच.

"अन् हा पाच?"
शंभरात पाच, कीड मारणारं.
"मग पंच्याण्णव?"

नाशिकच्या प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं होतं:
द्रावक, पसरवणारं, चिकटवणारं.
वहीत लिहिलंय मी.
लेबलावर मात्र त्यांची नावं नाहीत.

"वास येतो तो पाचाचा का पंच्याण्णवाचा?"

बाहेर टेम्पोत क्रेट चढत होते.
घडाचे दिवस मोजलेले असतात,
शेवटच्या फवाऱ्यापासून काढणीपर्यंत,
प्रयोगशाळेचा कागद येतो, अंश मर्यादेच्या आत,
मगच कंटेनर हलतो.
तिच्या ओढणीतल्या अंशाचा कागद
कुठल्या खिडकीवर मिळतो,
मला ठाऊक नव्हतं.

खोक्यातली घडीपत्रिका तिनं मागून घेतली.
मुंगीएवढी अक्षरं. सातवीपर्यंत शिकलेली, वाचेल.

पुढच्या सोमवारी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली,
"भुकटी नको. तेच दाणेदार आहे ना, डब्ल्यूजी?
धूळ उडत नाही ते.
मालकाला मी सांगते."

दिलं. पावतीवर नाव, आकडा, अक्षरं.
पिशवी उचलून ती पायरीवर थांबली.
"पंच्याण्णवाचं विचारलं का साहेबाला?"

अजून नाही, म्हणालो.