रुमालाखाली

कुपवाडच्या शेडमध्ये आमच्या दोन केबिनींना
प्लायवूडची एकच भिंत.
तरी मीटिंगची नोटीस तो मला रजिस्टर पोस्टानं पाठवायचा.
पोस्टमन घाम पुसत यायचा, मी सही करायचो,
आणि भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू यायचा.

भूपाल मगदूम. मी विश्राम.
भूवि हळद प्रायव्हेट लिमिटेड.
नाव अर्धं-अर्धं, शेअरही तसेच.
एक्कावन्न कुणाचे, हे विचारायची
तेव्हा दोघांनाही लाज वाटली होती.
ती लाज पुढं फार महागात पडली.

मिनिटबुकात चौदा महिने एकच मजकूर:
ठरावाच्या बाजूने एक, विरुद्ध एक.
नवं पॉलिशिंग मशीन – एक, एक.
त्याच्या पोराला पगारावर घेणं – एक, एक.
चहाचं बिलसुद्धा.
बँकेत दोन सह्या लागायच्या, चेक एका सहीवर पडून राहायचे,
एका पायावर उभ्या बगळ्यासारखे.
बॉयलरवरचा इरगोंडा दारात येऊन म्हणाला,
‘सायेब, आमच्या पगारात कुणाची सही कमी हाय,
तेवढं सांगा. त्यांच्या पाया पडतो.’
मी भिंतीकडं बोट दाखवलं.
पलीकडं त्यानंही तेच केलं असणार.

वकिलानं दोनशे बारा पानांचा अर्ज बांधला.
पान एकेचाळीसवर मी स्वतः सांगून एक ओळ घालून घेतली:
कारखान्याच्या कामात प्रतिवादीचा सहभाग नाममात्र.
नाममात्र. शब्द मला आवडला होता.
रात्री जेवताना बायकोलाही वाचून दाखवला.
ती म्हणाली, आमटी वाढू का.

मग गुरुपाद हुक्केरींनी बोलावलं.
वय ऐंशीच्या पुढं, अडत कधीच पोराकडं सोपवलेली,
पण गणपती पेठेत अजून त्यांचा शब्द चालतो.
म्हणाले, ‘मुंबईला तारखा खात बसाल, तोवर हळदीला कीड लागंल.
एकानं भाकरी मोडा, दुसऱ्यानं कोर उचला.
विश्राम, भाव तू सांग. अर्ध्या कंपनीचा.
त्या भावात घ्यायचं का द्यायचं, ते भूपाल ठरवंल.
कमी बोललास तर घालवशील, जास्त बोललास तर गळ्यात पडंल.’

आणि खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या मध्ये पसरला.
‘तोंडानं नको. तोंडानं लई झालं.’

एक बोट, एक कोटी.
रुमालाखाली मी हात घातला.
चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याला शिवत होतो.
हात थंड होता, तळव्याला तीच जुनी खरखर.
मी पाच ठरवून आलो होतो, पंजा धरला –
आणि माझ्या मुठीत साडेचारच आली.

अनामिका. वरचं पेर नाही.
दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आदल्या रात्री,
ड्रमचा पट्टा सुटला होता. ऑर्डर सोलापूरची.
मी गाडी काढून मिरजेला नेलं,
आणि तो वाटेत विचारत होता, पोती किती भरली?
तेव्हापासून बाजारात चेष्टा होती:
भूपालशी सौदा कर, अर्धा नेहमी सुटतो.

नाममात्र.

मी हात सोडला नाही, सोडवेना.
हुक्केरींनी विचारलं, ‘किती?’
मला बोलता येईना. साडेचार म्हणाला असता
तरी मी मान हलवली असती.
पन्नास लाख. त्याच्याच बोटाचे.

‘पाच,’ भूपाल म्हणाला.
‘नसलेलं पण धरलंय त्यानं. मोजा.’
मग रुमालाकडं बघत, हळूच:
‘घेतली.’

हिशेब वीस मिनिटांत संपला.
हुक्केरींनी रुमाल झटकून परत खांद्यावर टाकला.
खाली पायऱ्यांवर त्यानं माझी चप्पल घातली,
कळल्यावर परत केली. त्यापलीकडं काही बोललो नाही.

मार्चमध्ये इरगोंडा भेटला, माधवनगर नाक्यावर.
पगार वेळेवर होतोय म्हणाला.
आणि पाटीवरचा ‘वि’ खोडायला रंगारी आला होता,
शिडी लावून वर चढलासुद्धा.
मालक खालून ओरडले:
उतर लेका, राहू दे तो.
रंगाचे पैसे कोण देणार?