दिवे: तीन

कपाट घेतलं माहीमला, जुन्या सामानाच्या दुकानात.
खणात अंथरलेला कागद निघाला लिलावाच्या यादीचा:
ठाकुरद्वार, सन अठराशे सत्त्याण्णव,
मोरोबा धैर्यवान यांचे राहते घर, खोल्या अकरा.
प्लेगचं साल. माणसं शहर सोडून चालली होती
आणि कुणीतरी शांतपणे मोजत बसलं होतं
पाट सोळा, पितळी घंगाळं दोन,
शिसवी पलंग एक, मच्छरदाणीसह,
दिवे रॉकेलचे तीन, पैकी एकाची काच तडकलेली.

छत्तीस वर्षं मी दात केले.
लोकांच्या तोंडांचे साचे, मेण, प्लास्टर,
दाढेवरची खाच अशी कोरायची
की जिभेला ती आपली वाटावी.
नोकरी संपली, हातांना ते कुणी कळवलं नाही.
एका फुटाचा एक इंच, एवढं ठरवलं
आणि जेवणाच्या टेबलावर
ठाकुरद्वार बांधायला घेतलं.
जेवण तेव्हापासून मांडीवर.

जिना दोनदा मोडला.
तिसऱ्यांदा कळलं, पायऱ्या अकरा नसणार, पंधरा असणार;
नऊवारीतली बाई, हातात भरलेली कळशी,
एवढी ढांग कशी टाकेल?

चिमण्या केल्या
इंजेक्शनच्या अँप्यूलची मान कापून.
दोन नीट निघाल्या. तिसरी तडकली.
फेकणार होते, तेवढ्यात यादी आठवली.
इतकी बिनचूक चूक
माझ्या हातून आजवर झाली नव्हती.

लॅमिंग्टन रोडला मामाच्या गाळ्यात सादिया बसते.
"आंटी, अकरा खोल्या, अकरा एलईडी. दोन रुपयाला एक."
"यादीत तीनच आहेत."
"मग बाकीच्या आठ खोल्यांत?"
"अंधार."
ती माझ्याकडे बघत राहिली,
सगळी बत्तिशी हललेली असताना
एवढा पुढचा एक बसवा म्हणणाऱ्याकडे
मी बघायचे, तशी.

पहिल्या रात्री दिवाणखाना लावला
तर दवाखाना दिसला.
एलईडीला चहाचा हात दिला, मग हळदीचा.
शेवटी पेटीतली जुनी छटा काढली, ए साडेतीन,
जन्मभर विडी ओढलेल्या माणसाच्या दाताची.
ती बसली.
वात जरा वर केल्यासारखा
धुरकट, तुपकट उजेड.

तीन खोल्यांत तीन दिवे.
तरी काहीतरी खुपत होतं.
अंधार मांडून ठेवल्यासारखा दिसत होता,
सतरावा पाट असावा तसा.
दिवा काय कुणी एका जागी ठेवतं?
आमटीला उकळी आली का बघायला नेतात,
कडी लावायला नेतात, कण्हलं कुणी तर नेतात.

सादियाने सोळा पायांची चिप
झुरळासारखी उताणी धरून डाग दिले.
"अकराच लावू आंटी, पण पेटतील एका वेळी तीन."
म्हणजे तिची विक्रीही राहिली, माझी यादीही.

आता माजघर मावळतं,
जिन्याच्या वळणावर थोडं पिवळं येतं, दिवा दिसत नाही,
दारातून पडलेली फक्त एक तिरकी पट्टी,
मग मागची खोली. पलंग.
तडकलेली काच तिथे आहे,
तिची केसाएवढी सावली मच्छरदाणीवर पडते.
तिथे तो बराच वेळ थांबतो.
"इथे एवढे सेकंद का?" तिने विचारलं होतं.
कमी कर हवं तर, म्हटलं.
तिने केले नाहीत.

बाहुल्या मी बनवल्या नाहीत.
यादीत माणसं नव्हती.
शेजारची मुलगी मात्र नाक टेकवून बघते
आणि दर वेळी विचारते, दिवा घेऊन कोण गेलं.

रात्री बटण बंद करते.
सगळं घर एकदम विझायला हवं,
पण पलंगापाशचा एक क्षणभर उरतो.
असं मी सांगितलं नव्हतं.
सादियाला विचारलं,
तर म्हणाली, स्वस्तातला कपॅसिटर आहे, आंटी,
त्याची खोड असते ती.
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.