ऐंशी लाखांची जागा

निपिगॉन सरोवराच्या बर्फावर, फळ्यांच्या खोपटात
आम्ही तिघे, एक भोक,
आणि रेडिओवर खरखरणारी हॉकी.
देरोशे आजही कोरडाच.

"ऐंशी लाख डॉलर!" रेइयो थुंकतो.
"अकरा सामने, गोल एक. तोही रिकाम्या जाळ्यात.
नाव सोनूबाई!
एवढ्यात आपल्या कागद गिरणीची एक पाळी
वर्षभर जगली असती."
गिरणी बंद पडून सहा वर्षं झाली,
ते कुणी काढत नाही.

मी वहीत मांडू लागतो: पास, फटके, मिनिटं.
बॉलपेन गोठलेलं. अर्धे आकडे उमटतच नाहीत.

क्लिफर्ड बोटाला दोरी गुंडाळून गप्प.
मग म्हणतो,
"तो डावीकडे सरकला की दोघं त्याच्या मागं जातात.
दर वेळी.
त्या पोरानं काल गोल मारला
तो तिथं उरलेल्या मोकळ्या जागेतून.
ती जागा कुणाच्या खात्यावर मांडायची?"

"जागेचे ऐंशी लाख?" रेइयो हसतो,
थर्मास उघडतो,
पहिला कप मात्र क्लिफर्डला.

दोरी थरथरते. तिघेही वाकतो.
काही नाही.
फक्त भोकातलं पाणी,
खालून कुणी मोठं गेल्यासारखं,
जरा वर येतं
आणि बसतं.