सत्तेचाळिसावी खाच

केप्याच्या अलीकडे, वळणावर,
जिथे बस उगाचच हॉर्न देते,
तिथे ती चिऱ्याची भिंत. गुडघाभर उंच.
मानमोडीच्या सालातली.
नाव एकही नाही, नुसत्या खाचा.
दुलो गवंड्याला अक्षर येत नव्हतं,
छिन्नी येत होती.
माणूस गेलं की एक खाच,
लेकरू गेलं की अर्धी.

चिरा मऊ असतो.
दर पावसाळ्यात थोडं थोडं विसरतो.
म्हणून मे सरता सरता, मिसा सुटल्यावर,
सान्तान फुर्ताद काथ्याचा ब्रश घेऊन यायचा,
पिळणकरांची शेवंती कळशी आणायची,
आणि सान्तान खाचा पुन्हा खोल करायचा.

यंदा पणजीहून तज्ज्ञ बाई आल्या.
म्हणाल्या, शेवाळ काढा, कोरू नका.
कोरलीत तर ती तुमची खाच होईल, दुलोची नव्हे.
सान्तान ब्रश झटकत म्हणाला,
आणि नाही कोरली तर कुणाची?
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.
मग खोडलं.

रस्ता रुंद होणार, भिंत शाळेमागे जाणार.
मी पंचायतीत कारकून.
जावक नोंदवहीत चढवली: भिंत, एक नग.
मग खडूनं प्रत्येक चिऱ्यावर आकडा घालत बसले.

इगर्जीच्या वहीत एकोणतीस.
देवळाच्या वहीत सतरा.
भिंतीवर सत्तेचाळीस.
दोनदा मोजलं. शेवंतीनं बोट लावून तिसऱ्यांदा.

जास्तीची ती सगळ्यात खाली,
अर्ध्या फुटलेल्या चिऱ्यावर, एकटी,
बाकीच्यांपेक्षा खोल.
कुणी म्हणतं, घाटावरून आलेला काकणवाला.
कुणी म्हणतं, मढी वाहणारा,
ज्याला दोन्ही वह्यांनी दार लावलं.
शेवंतीची सासू म्हणायची, विचारू नये,
पाणी घालावं.

टेंपो आला. चिरे आकड्यांनिशी चढले.
त्या अर्ध्या चिऱ्याला
माझ्याच्यानं आकडा घातला गेला नाही.
सान्तानच्या स्कूटरवर मागे बसून
मांडीवर घेऊन निघाले.
जड होता. साडीला लाल माती लागली.
सान्तान एरवी कसा चालवतो, सगळ्या गावाला ठाऊक.
त्या दिवशी त्यानं
एकूण एक खड्डा चुकवला.