बारा मोळ्या

भूर्जाची काठी हिरवी असताना बांधायची नसते.
आठ दिवस सावलीत, मग उलटी करून आणखी आठ,
मग तांबड्या चामड्याचा पट्टा, रात्रभर भिजवलेला;
वाळता वाळता तो स्वतःच आवळत जातो.
हे बापानं शिकवलं. बापाला त्याच्या बापानं.

मी व्होलेरो. नदीकडच्या दलदलीत, जिथं
मोठं गटार बांधून झालं तरी बेडूक हटले नाहीत,
तिथं माझं घर.
राजवाड्यातून फेर्तोर यायचा, दारातूनच म्हणायचा : बारा.
बारा मोळ्या, एकेकीच्या पोटात एकेक कुऱ्हाड,
दांडा आत, पातं बाहेर.
त्या राजाच्या पुढं चालायच्या
आणि त्यांच्या पुढचा रस्ता रिकामा व्हायचा.
काठ्या पाठीसाठी, पातं मानेसाठी.
मी कुणाला मारलं नाही. बांधून दिलं.

मग एका रात्री वेशीचे दरवाजे आतून लागले
आणि राजा बाहेर राहिला.
मला वाटलं होतं, जमीन तरी हादरेल.
एट्रुस्कन गल्लीतली रामथा रंगारीण,
जिनं त्याचा जांभळा झगा तीनदा रंगवला
आणि दोन वेळचं तांबं अजून यायचं होतं,
माझ्या दारात येऊन म्हणाली,
"आता मागू कुणाकडं?"

उन्हाळ्यात राजाचं नदीकाठचं शेत कापलं.
ते देवाचं ठरलं, म्हणून खायचं नाही;
पेंढ्यांवर पेंढ्या टायबरमध्ये.
आम्ही काठावर उपाशीपोटी उभे,
आणि आनंदानं ओरडतोय.
पाणी उतरलेलं. पेंढ्या वाहिनात, गाळात बसल्या.
माझी नुमासिया कमरेइतक्या पाण्यात शिरली
आणि मूठभर ओंब्या घेऊन आली.
मी फटका मारून त्या पाडल्या, लोकांदेखत.
रात्री तिनं दुसरी मूठ उघडली.
भाजून खाल्ल्या. राजाची नाही, देवाची नाही,
चव ओंब्यांची होती.

आणि फेर्तोर पुन्हा आला. तोच. झगा नवा.
"आता राजा नाही. दोघं आहेत, वर्षापुरते."
मी हिशेब केला : चोवीस.
"बाराच," म्हणाला. "एक महिना याच्या पुढं, एक महिना त्याच्या.
चोवीस दिसल्या तर लोक म्हणतील,
एक घालवला नि दोन आणले."
मी हसलो. तो हसला नाही.
"आणि वेशीच्या आत कुऱ्हाड नको. नुसत्या काठ्या."

हे बापानं शिकवलं नव्हतं.
कुऱ्हाड काढली की मोळीचं पोट खपाटीला जातं.
पट्ट्याला आवळायला आत काही उरत नाही,
काठ्या एकमेकींवर सरकतात, कुरकुरतात,
कधी कुणी न विचारलेली माणसं
विचारल्यावर एकदम बोलू लागतात, तशा.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात.
दांडा काढून घेतल्यावर गोतानं कशाला टेकून उभं राहायचं,
ते म्हणीत नाही.
सात दिवस खपलो. चार पट्टे तुटले.
आता गाठ दोन ठिकाणी मारतो
आणि सकाळी सकाळी जाऊन बघून येतो.

चौकात लोक बाजूला होतात, पण रमतगमत.
एका म्हाताऱ्यानं तर मोळीत बोट घालून पाहिलं,
आत खरंच काही नाही ना.
रामथा विचारते, "दोघांतल्या कुणाकडं मागू?"
"या महिन्यात मोळ्या ज्याच्या पुढं, त्याच्याकडं."
ती गेली तेव्हा महिना बदलला होता.

लढाईला वेस ओलांडली की पाती परत बसवायची.
तोवर बाराही माझ्या घरी, चुलीमागं,
तेल लावून, लोकरीच्या चिंध्यांत.
रात्री उठून मी अंधारात चाचपून मोजतो.
परवा अकरा भरल्या.
पुन्हा मोजल्या. अकरा. घाम फुटला.
बाहेर आलो तर उजाडत होतं,
आणि नुमासिया अंगणात बसून
बारावीनं सरपण फोडत होती.
पातं चांगलं चालत होतं.
मी काही बोललो नाही. ढलप्या गोळा करायला लागलो.